वाऱ्याचा आकडा कोणाच्या छपराचा?

अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यात नवे घर विकत घेणाऱ्या माणसाला किंमत, खोल्या आणि कर्जाचा हप्ता यांच्या जोडीला आणखी एका आकड्याचा विचार करावा लागतो. हे घर ताशी किती मैल वेगाच्या वाऱ्यासाठी बांधलेले आहे, हा तो आकडा. मायामी शहर ज्या डेड जिल्ह्यात मोडते, तेथे राहत्या घरासाठी कायद्याने ठरवून दिलेला वेग ताशी १७५ मैल, म्हणजे सुमारे २८० किलोमीटर आहे. दारे, खिडक्या, झडपा, छपरावरचे आच्छादन यांनाही असेच निरनिराळे दाखले असतात. हरिकेन या नावाने ओळखली जाणारी अटलांटिकवरील चक्रीवादळे ज्या किनाऱ्यावर वारंवार येतात, तेथे हे दाखले पाहिल्यावर सामान्य माणसाची अशी समजूत होते की, विज्ञानाने वारा मोजला, कायद्याने घर बळकट केले आणि प्रश्न मिटला. ही समजूत तपासून पाहणे अगत्याचे आहे. या आकड्यात पदार्थविज्ञान आहेच. पण त्याच्या पोटात अर्थशास्त्रही आहे आणि हितसंबंधांचे राजकारण तर पुष्कळच आहे. शिवाय हा विषय सातासमुद्रांपलीकडचा म्हणून सोडून देण्याजोगा नाही. भारतीय मानक संस्थेची वाऱ्याच्या भाराविषयीची संहिता याच धर्तीच्या गणितावर उभी आहे, आणि ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ वादळाने रायगड-रत्नागिरीतील घरांची छपरे उडविली तेव्हा ती संहिता कपाटात होतीच. त्या कपाटापर्यंत पोहोचावयाचे तर वाट फ्लोरिडातून काढलेली बरी.

प्रथम आकड्याचा अर्थ. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब दुप्पट होत नाही, चौपट होतो. सेकंदाला ५० मीटर, म्हणजे ताशी १८० किलोमीटर वेगाचा वारा उभ्या भिंतीच्या दर चौरस मीटरवर सुमारे दीडशे किलो वजनाइतका रेटा देतो. तोच वेग दुप्पट झाला तर रेटा सहाशे किलोंवर जातो. भिंत बहुधा हा रेटा सोसते. छपराची गोष्ट निराळी आहे. छपरावरून वाहणारा वारा त्याला खाली दाबण्याऐवजी वर खेचतो, आणि कडांवर, कोपऱ्यांवर व आढ्याजवळ ही ओढ सर्वांत अधिक असते. मंगलोरी कौलांच्या छपराचे वजन चौरस मीटरला साठ-पासष्ट किलोंच्या घरात असते. पत्र्याचे तर त्याच्या पाव हिश्श्याइतकेही नसते. केवळ आपल्या वजनावर जागेवर राहील असे छप्पर या हिशोबात बसतच नाही. त्याला खाली बांधून ठेवावे लागते. पत्रा रीपेला, रीप वाशाला, वासा भिंतीला आणि भिंत पायाला, अशी न तुटणारी साखळी असावी लागते, आणि तीत एक खिळा चुकला तर बाकीच्यांची मजबुती व्यर्थ जाते. एखादी खिडकी फुटली की वारा आत शिरून छपराला आतून ढकलू लागतो. बाहेरची ओढ आणि आतला रेटा एकवटले की छप्पर उचलले जाते, आणि छप्पर गेले की आधार सुटलेल्या भिंती कोसळतात. म्हणून फ्लोरिडात खिडकीला इतके महत्त्व. तेथील कसोटीत सुमारे चार किलो वजनाची लाकडी फळी तोफेसारख्या यंत्रातून ताशी ५५ किलोमीटर वेगाने खिडकीवर मारतात आणि नंतर त्याच खिडकीवर उलटसुलट दाबाचे नऊ हजार हेलकावे देतात. त्यातून जी टिकेल तिलाच दाखला मिळतो.

तथापि हा दाखला खिडकीचा असतो, घराचा नव्हे. दाखल्याची खिडकी कच्च्या भिंतीत बसविली तर ती चौकटीसकट बाहेर येते. व्यापारी मंडळी मात्र एका वस्तूचा आकडा साऱ्या घराच्या नावे खपवितात.

आकड्याकडे पाहताना आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. वादळाची जी ‘श्रेणी’ बातम्यांत सांगतात ती अमेरिकेत एका मिनिटाच्या सरासरी वेगावरून ठरते. भारताचे हवामान खाते तीन मिनिटांची सरासरी घेते. घराचा आराखडा मात्र तीन सेकंदांच्या झोतावर करतात. झोत हा सरासरीपेक्षा नेहमीच मोठा. तेव्हा ताशी १७५ मैलांसाठी बांधलेले घर १७५ मैलांच्या वादळात सुरक्षित, असा सरळ हिशोब करणाऱ्याची फसगत ठरलेली. दुसरी गोष्ट याहून मनोरंजक आहे. मायामीचा आकडा पूर्वी ताशी १४६ मैल होता. २०१० साली अमेरिकन अभियंत्यांच्या मानकात हिशोबाची रीत बदलली. पूर्वी सुरक्षिततेसाठी जो गुणक भारावर लावीत तो वेगाच्या आकड्यातच मुरविला गेला. त्यामुळे आकडा १७५ झाला, पण भिंतीची जाडी त्या प्रमाणात वाढली नाही. चलनवाढीत पगाराचा आकडा वाढावा आणि पिशवीतले धान्य तेवढेच राहावे, तसा हा प्रकार. ‘पन्नास वर्षांतून एकदा येणारे वादळ’ या शब्दप्रयोगाचेही असेच आहे. ऐकणाऱ्याला वाटते, आता पन्नास वर्षे निश्चिंती. प्रत्यक्षात अशा वाऱ्याची शक्यता दरवर्षी शेकडा दोन असते, आणि पन्नास वर्षे उभ्या राहणाऱ्या घराला तो निदान एकदा गाठण्याची शक्यता शेकडा चौसष्ट भरते. नव्या रीतीत राहत्या घरासाठी सातशे वर्षांचा वारा धरतात. तरीही पन्नास वर्षांतली शक्यता शेकडा सात उरतेच. ही सात टक्के जोखीम पत्करावी असे निसर्गाने सांगितलेले नाही. माणसांच्या समित्यांनी ती ठरविली आहे, आणि समित्यांवर कोण बसते हा प्रश्न कोणत्याही देशात गैरलागू नाही.

२४ ऑगस्ट १९९२ रोजी ‘अँड्र्यू’ हे हरिकेन मायामीच्या दक्षिणेस होमस्टेड गावावर आदळले. त्रेसष्ट हजारांहून अधिक घरे नाहीशी झाली, लाखाहून अधिक घरांचे नुकसान झाले. आश्चर्य याचे की, त्या भागातील बांधकाम संहिता १९५७ पासून अस्तित्वात होती आणि देशातील सर्वांत कडक संहितांत तिची गणना होई. वादळ ओसरल्यावर पाहणी झाली तेव्हा एक विपरीत गोष्ट उघड झाली: कित्येक ठिकाणी जुनी घरे उभी होती आणि नवी घरे पडली होती. माणसांची रीघ लागून घरांची मागणी वाढली तेव्हा बिल्डरांनी घाईने वसाहती उठविल्या, संहितेत सवलती मिळविल्या, आणि खिळ्यांच्या जागी यंत्राने मारलेल्या तारेच्या पिना आल्या. त्यांतल्या अनेक पिना खालच्या वाशाला लागल्याच नव्हत्या. त्या नुसत्याच फळीतून आरपार गेल्या होत्या. छपराची फळी त्या घरावर ठेवलेली होती, जोडलेली नव्हती. तपासनिसांची संख्या अपुरी होती, आणि दिवसाला जितकी घरे तपासल्याचे कागदोपत्री दिसे तितकी शिडीवर चढून तपासणे शक्यच नव्हते. ‘मायामी हेराल्ड’ या दैनिकाने हे सारे उघडकीस आणले व त्याबद्दल त्याला १९९३ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले. संहिता छापणे आणि संहिता पाळणे यांतले अंतर मोजावयास वादळच यावे लागते, हे काही फ्लोरिडाचेच वैशिष्ट्य म्हणता येणार नाही.

पण अँड्र्यूच्या कहाणीतील खरा धडा पक्क्या घरांच्या पुढे आहे. होमस्टेड गावात १,१७६ फिरती घरे, म्हणजे तेथील भाषेत ‘मोबाइल होम’, होती. त्यांपैकी १,१६७ पूर्णपणे नष्ट झाली. नऊ उरली. ही फिरती घरे नावालाच फिरती. कारखान्यात तयार होऊन ती चाकांवर येतात आणि एकदा जागेवर ठेवली की बहुधा तेथेच राहतात. शेतमजूर, हॉटेलांतील कामगार, तुटपुंज्या निवृत्तिवेतनावर जगणारे वृद्ध हे त्यांचे रहिवासी. त्यांच्यापैकी अनेकांच्या बाबतीत घर स्वतःच्या मालकीचे आणि खालची जमीन दुसऱ्याच्या मालकीची, अशी स्थिती असते. घर हलविण्याचा खर्च परवडत नाही म्हणून जमीनमालक मागेल ते भाडे द्यावे लागते. बेण्याची मालकी कुळाची आणि जमीन खोताची, ही व्यवस्था कोकणातील वाचकाला अपरिचित नसावी.

या घरांसाठी अमेरिकेच्या मध्यवर्ती सरकारचे मानक १९७६ पासून होते. ते वाऱ्याच्या बाबतीत किती तोकडे होते हे होमस्टेडने दाखविल्यावर गृहनिर्माण खात्याने १९९४ मध्ये ते सुधारले, देशाचे वाऱ्याच्या जोरानुसार तीन विभाग पाडले आणि किनाऱ्यालगत वापरावयाच्या घरांना अधिक मजबुती सक्तीची केली. यावर उद्योगाची प्रतिक्रिया काय झाली? फ्लोरिडातील फिरत्या घरांच्या उद्योजकांची संघटना न्यायालयात गेली. नव्या मानकामुळे घरे महागतील आणि गरिबांना ती परवडणार नाहीत, हा युक्तिवाद पुढे आला. कामाचे तास कमी करावयाचे असोत की किमान वेतन ठरवावयाचे असो, गरिबांविषयीचा हा कळवळा नेमक्या अशाच वेळी कसा उफाळून येतो, हे कामगार चळवळीतल्या माणसाला सांगावयास नको. अपील न्यायालयाने १९९५ मध्ये मानक उचलून धरले. तथापि ते नव्या घरांनाच लागू झाले. आधी बसविलेली घरे आहेत तशीच राहिली, आणि वादळाची सूचना आली की फिरत्या घरांतील रहिवाशांनी घर सोडून निघावे, हा आदेश आजही सर्वप्रथम निघतो. घर देणाऱ्या समाजानेच ते घर राहण्यालायक नाही असे दरसाल जाहीर करावे, यापेक्षा अधिक स्पष्ट कबुली कोणती हवी?

परवडण्याच्या या युक्तिवादाला गंभीर उत्तर देणेही आवश्यक आहे, कारण त्यात एक तथ्यांश आहे. मजबुतीला पैसा लागतो, आणि तो खर्च सरळ गरिबाच्या माथी मारला तर तो कायद्याबाहेरच्या घरात जाऊन राहतो. म्हणून प्रश्न मजबुती हवी की नको असा नसून तिचा खर्च कोणी सोसावयाचा असा आहे. बाजारवादी अर्थशास्त्रज्ञ म्हणतात, ज्याला जितकी सुरक्षितता हवी त्याने तितकी विकत घ्यावी. शासनाने मध्ये पडू नये. हा विचार वादळात टिकत नाही, आणि त्याचे कारण त्यांच्याच शास्त्रात आहे. कच्च्या घराचा उडालेला पत्रा हवेत विरघळत नाही. तो पुढच्या घराच्या खिडकीवर जाऊन आदळतो. खिडकीच्या कसोटीत जी फळी मारतात ती बहुधा शेजाऱ्याच्याच छपरातून आलेली असावी, असे गृहीत धरलेले असते. एका घराची दुर्बलता वाडीतील सर्व घरांची दुर्बलता ठरते. ज्या वस्तूचा लाभ-तोटा खरेदीदारापुरता मर्यादित राहत नाही ती निव्वळ बाजारावर सोपवू नये, हे तर पहिल्या वर्षाच्या क्रमिक पुस्तकातले तत्त्व आहे.

फ्लोरिडाने बाजार आणि कायदा यांची जी सांगड घातली तिचे फलित संमिश्र आहे. १ मार्च २००२ पासून राज्यभर एकच बांधकाम संहिता लागू झाली आणि त्यानंतरची घरे पुढील वादळांत पुष्कळ चांगली टिकली. हे यश नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. पण संहिता करतानाच राज्याच्या वायव्येकडील चिंचोळ्या पट्ट्याला सवलत देण्यात आली. उडत्या वस्तूंपासून खिडक्यांचे रक्षण करण्याची अट तेथे किनाऱ्यापासून अवघ्या एक मैलापर्यंत ठेवली. तेथे मोठी वादळे येत नाहीत, असे बांधकाम व्यावसायिकांचे म्हणणे होते. २००४ साली ‘आयव्हन’ने त्याच पट्ट्याला झोडपले, तेव्हा कोठे ती सवलत निघण्याची चक्रे फिरू लागली. १० ऑक्टोबर २०१८ रोजी ‘मायकेल’ हे सर्वोच्च श्रेणीचे वादळ त्याच पट्ट्यातील मेक्सिको बीच या गावावर आले. गावाचा किनाऱ्यालगतचा भाग सपाट झाला. त्या भग्नावशेषांत एक काँक्रीटचे घर जवळजवळ अभंग उभे असल्याचे छायाचित्र जगभर छापले गेले. त्याच्या मालकांनी संहितेच्या कितीतरी पुढे जाऊन, ताशी २५० मैलांच्या वाऱ्याच्या हिशोबाने, ते स्वखर्चाने बांधले होते. वर्तमानपत्रांनी त्यांच्या दूरदृष्टीचे कौतुक केले. ते योग्यच होते. पण त्याच छायाचित्रात भोवतीच्या मोकळ्या जोत्यांकडेही पाहावयास हवे होते. तंत्रज्ञान उपलब्ध होते. ते ज्याच्या खिशात मावले त्याच्या घरात गेले.

जुन्या घरांचे काय, हा यापुढचा प्रश्न. फ्लोरिडात घर मजबूत केल्याचा तपासनिसाचा दाखला दिला तर विम्याच्या हप्त्यात सूट मिळते, आणि ती देणे विमा कंपन्यांवर बंधनकारक आहे. योजना ऐकावयास चांगली. पण सूट मिळविण्यासाठी आधी हजारो डॉलर खर्च करावे लागतात, म्हणजे जो आधी खर्च करू शकतो त्याचाच पुढचा खर्च कमी होतो. भाडेकरूचा तर येथे संबंधच नाही. छप्पर मालकाचे, सूट मालकाची, आणि वादळाच्या रात्री त्या छपराखाली भाडेकरू. राज्य सरकारने २००६ मध्ये घरे मजबूत करण्यासाठी अनुदानाची योजना काढली. पैसे संपल्यावर ती थांबली आणि २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाली. तिचा लाभ मालक स्वतः राहत असलेल्या, जागेवर बांधलेल्या घरांसाठी ठेवला गेला. फिरती घरे, ज्यांची गरज सर्वांत मोठी, तिच्या कक्षेबाहेर राहिली. अमेरिकेच्याच अधिकाराखालील प्वेर्तो रिको बेटावर २०१७ च्या ‘मारिया’ वादळानंतर निराळीच अडचण निघाली. पिढ्यान्‌पिढ्या राहत्या घरांचे रीतसर मालकीचे कागद हजारो कुटुंबांजवळ नव्हते, म्हणून दुरुस्तीच्या मदतीचे अर्ज फेटाळले गेले. २०२१ मध्ये ते नियम सैल झाले. तोवर चार पावसाळे ताडपत्रीखाली आणि उसनवारीत गेले होते.

समाजवादाचे नाव घेणाऱ्या देशांत हे प्रश्न आपोआप सुटतात, असेही नाही. ऑगस्ट २००८ अखेर ‘गुस्ताव’ वादळ क्यूबाच्या पश्चिम भागावर आले तेव्हा पासो रेआल दे सान दिएगो या ठाण्यावर ताशी ३४० किलोमीटरचा झोत नोंदला गेला. लोकांना वेळेवर आणि शिस्तीने हलविल्यामुळे क्यूबात एकही मृत्यू झाला नाही. ही कामगिरी अमेरिकेलाही साधलेली नाही. पण लाखाच्या वर घरांचे नुकसान झाले, कारण सिमेंट, लोखंड आणि लाकूड यांची टंचाई वर्षानुवर्षे होती आणि जुनी घरे दुरुस्तीवाचून जीर्ण झाली होती. त्या टंचाईस अमेरिकेची आर्थिक नाकेबंदी मोठ्या अंशी जबाबदार, तशी मध्यवर्ती नियोजनाची दिरंगाईही जबाबदार. माणूस वाचविण्याची व्यवस्था आणि घर वाचविण्याची व्यवस्था या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली साधल्याच्या अभिमानात दुसरीचा विसर पडतो.

हा इशारा भारतालाही लागू आहे. १९९९ च्या ओरिसातील महावादळात सुमारे दहा हजार माणसे मेली. त्यानंतर पूर्वसूचना आणि स्थलांतर यांत जी सुधारणा झाली तिने अलीकडच्या वादळांतील मृत्यू कितीतरी कमी केले. हे मोठे श्रेय आहे. पण आश्रयस्थानातून परतणाऱ्या माणसाला घर सापडत नाही, हे चित्र बदललेले नाही.

भारतीय मानक ८७५ या संहितेचा तिसरा भाग वाऱ्याच्या भाराविषयी आहे. तो १९८७ मध्ये आणि नंतर २०१५ मध्ये सुधारला गेला. त्यातील नकाशाने देशाचे सहा विभाग केले आहेत. पायाभूत वेग सेकंदाला ३३ मीटरपासून ५५ मीटरपर्यंत. मुंबईसाठी तो ४४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर. हा वेग पन्नास वर्षांच्या हिशोबाचा आणि तीन सेकंदांच्या झोताचा. २०१५ च्या आवृत्तीत चक्रीवादळाच्या प्रदेशासाठी एक ‘महत्त्व-गुणक’ घालण्यात आला. वादळानंतर चालू राहिल्याच पाहिजेत अशा वास्तूंना, म्हणजे रुग्णालये, आश्रयस्थाने, शाळा, संदेशवहनाचे मनोरे यांना, वाऱ्याचा वेग १.३० ने वाढवून धरावयाचा. हे सर्वथा उचित आहे. कारखान्यांच्या वास्तूंना १.१५ ने. बाकी सर्व वास्तूंना १.००, म्हणजे काहीच वाढ नाही. ‘बाकी सर्व’ यात राहती घरे आली.

दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, हे वर सांगितलेच आहे. तेव्हा १.१५ चा अर्थ असा की, किनाऱ्यावरील कारखान्याची शेड शेकडा बत्तीस अधिक दाबासाठी बांधावयाची, आणि त्याच किनाऱ्यावर, त्याच वाऱ्यात, त्या शेडमध्ये काम करणाऱ्या कामगाराचे घर मात्र ती बत्तीस टक्के वजा करून. यावर अभियंते सांगतील की, रसायनांचा कारखाना फुटला तर हजारोंना धोका असतो. एका घराचे छप्पर गेले तर एकाच कुटुंबाला. पहिला भाग खरा आहे. मग अधिक गुणक घातक उद्योगांपुरता का नाही? कापसाच्या गोदामाला आणि फर्निचरच्या शेडला तो कशासाठी? आणि एका कुटुंबाचे छप्पर वादळात एकट्याने जात नाही, ते गावच्या हजार छपरांसह जाते. हजार कुटुंबे एकाच रात्री उघड्यावर येणे ही सार्वजनिक आपत्ती नाही असे ज्या कोष्टकात गृहीत धरले आहे, त्या कोष्टकावर अभियंत्यांखेरीज कोणाचे मत घेतले गेले होते? संहिता हा तांत्रिक दस्तऐवज असतो, म्हणून विधिमंडळात तिच्यावर चर्चा होत नाही. चर्चा होत नाही म्हणून ती तांत्रिकच राहते.

अर्थात कोकणातील बहुसंख्य घरांच्या बाबतीत हा गुणकाचा वादही पुढचा म्हणावा लागेल, कारण त्या घरांनी अभियंताच पाहिलेला नसतो. ती गवंडी आणि सुतार यांच्या अनुभवावर उभी असतात. त्या अनुभवाला कमी लेखण्याचे कारण नाही. जुनी चौपाखी घरे वाऱ्याला दुपाखी घरांपेक्षा चांगले तोंड देतात, हे आधुनिक प्रयोगांनीही दाखविले आहे. चारही बाजूंनी उतरते छप्पर वाऱ्याला धरावयास उभी कड देत नाही. पण लाकूड महागले, सुताराची मजुरी वाढली, आणि दुपाखी पत्रा स्वस्त व झटपट म्हणून आला. तो बसविताना हुक-बोल्टची संख्या निम्मी केली की दोन पैसे वाचतात. पुढे काढलेल्या पडवीचे छप्पर घराच्याच वाशांना जोडले की खांब वाचतात. वाऱ्याची पहिली पकड नेमकी तेथेच बसते. पडवी उचलली जाते आणि जाताना घराचे छप्पर बरोबर नेते. ‘निसर्ग’ किनाऱ्यावर आले तेव्हा त्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटरच्या आसपास होता. सरासरी आणि झोत यांतला फरक हिशोबात धरूनही, संहितेप्रमाणे बांधलेल्या छपराने जो सोसावयास हवा असाच तो वारा होता. जे उडाले ते वाऱ्याच्या राक्षसी सामर्थ्यामुळे उडाले, असे म्हणून सुटका होणार नाही.

त्यानंतर पंचनामे झाले, भरपाई वाटली गेली. भरपाईचा हिशोब पडझडीच्या प्रमाणावर होतो: पूर्ण नष्ट, अंशतः नष्ट. पुन्हा उभारावयाचे छप्पर आधीच्यापेक्षा मजबूत असावे आणि त्या मजबुतीचा जादा खर्च शासनाने द्यावा, हे तत्त्व त्या हिशोबात नाही. तेच पत्रे गोळा करून, ठोकून सरळ करून, त्याच वाशांवर त्याच भोकांतून पुन्हा बसविले जातात. पुढच्याच वर्षी, मे २०२१ मध्ये, ‘तौक्ते’ याच किनाऱ्याला घासून गेले.

ग्रामीण घरकुलांसाठी २०१६ मध्ये पंतप्रधान आवास योजना सुरू झाली तेव्हा घरामागे मदत सपाट प्रदेशात १ लाख २० हजार रुपये आणि डोंगराळ व दुर्गम प्रदेशात १ लाख ३० हजार रुपये ठरली. डोंगरावर माल चढवावयास खर्च अधिक येतो, हे सरकारला समजले. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याचाही काही खर्च असतो, हे समजणे बाकी राहिले. पट्टीच्या लोखंडाने वासे भिंतीला बांधणे, कडांना आणि कोपऱ्यांना हुक-बोल्ट दुप्पट घालणे, पडवीचे छप्पर मुख्य छपरापासून सुटे ठेवणे, भिंतीच्या माथ्यावर काँक्रीटची सलग पट्टी ओतणे, एवढ्याने घर काही मेक्सिको बीचच्या त्या काँक्रीटच्या घरासारखे होणार नाही. पण ‘निसर्ग’सारख्या वाऱ्यात छप्पर जागेवर राहण्याची शक्यता पुष्कळ वाढेल. हा खर्च एकूण घराच्या मानाने लहान आहे. तो अनुदानात वेगळा दाखवून मिळाला पाहिजे, आणि तो खरोखर छपरात गेला की नाही हे तपासण्यासाठी शिडीवर चढणारा माणूस पंचायत समितीकडे असला पाहिजे. किनारी तालुक्यांतील कार्यकर्त्यांनी घरकुलांच्या यादीत नावे घालण्यासाठी वर्षानुवर्षे झगडा दिला आहे. ग्रामसभेत ती यादी वाचली जाते तेव्हा मंजूर नकाशाही मागवावा, आणि त्यात छपराच्या कडेला दर मीटरमागे किती बोल्ट दाखविले आहेत ते मोठ्याने वाचून घ्यावे.